मनकर्णाचं लुगडं

"घाबरू नका" असं मी पेशंटला कधीच म्हणत नाही. ते ऐकून धीर आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. एकाहत्तर साली मी पुण्याच्या एका इस्पितळात नर्स होते. पारनेरकडची मनकर्णा हृदयाच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवसांपासून आमच्या वॉर्डात होती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिच्या हातांना कापरं भरलं. मी तिच्या पलंगावर टेकले आणि विचारलं, "घरची कशाची आठवण येते?"

"म्हशीची, बाई. माझ्याबिगर ती कुनाला पान्हाच सोडत न्हाई. सकाळची धार कुनी काढली आसंल?"

तेवढ्यात तिचा नवरा सहादेव एसटीनं येऊन पोचला. भरघोस मिशांचा, पहिलवानासारखा गडी. मी त्यालाच विचारलं, "म्हैस दूध देते का हो?"

तो ओशाळला. "देती. हिचं लुगडं नेसून बसतो धारंला. वासानं फसती. आज सांजंचं दूध रेडकाला सोडलंय."

मनकर्णा तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसता हसता हातांचं कापरं कधी थांबलं, ते तिलाही कळलं नाही.

"अवं, पंधरा दिस तेच लुगडं? धुतलं तरी का?"

"न्हाई. धुतलं तर तुझा वास जाईल."

"म्हशीला येवढा वास लागतो व्हय?"

सहादेव खिडकीबाहेर बघत राहिला.

"म्हशीला बी लागतो," तो म्हणाला.