झुकिनी उपवासाला चालते का?

आमच्या यांना लोक फोन करून विचारतात, अमुक उपवासाला चालतं का. हे म्हणजे वेणीमाधवगुरुजी. भवानी पेठेतल्या छोट्या राममंदिरात चाळीस वर्षं पूजा करतात, त्यामुळे अर्ध्या सोलापूरच्या फराळाचा निकाल यांच्याकडे लागतो. श्रावण लागला की फोन खाली ठेवायची सोय नाही. गुरुजी, कोथिंबीर चालते का? गुरुजी, चीज चालतं का? एकीनं तर विचारलं, उपवासाला टूथपेस्ट चालते का, तिच्यात लवंग असते. हे सगळ्यांना शांतपणे उत्तर देतात आणि बहुतेक वेळा चालतं म्हणतात. "देव काय तुमच्या ताटात डोकावत बसलाय होय," असं म्हणून समोरच्याला हसवतात आणि मोकळं करतात.

घरात मात्र कायदा वेगळा.

यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पार पिकलाय. मागच्या महिन्यात एका पूजेत यांनी पोथीची दोन पानं एकदम उलटली. यजमानांच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. नंतर तीर्थ देताना ते यजमानांच्या तळहाताऐवजी मनगटावरच्या घड्याळावर पडलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन अर्ध्या तासाचं आहे, पण साखर उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि फार लांबवलंत तर अवघड होऊन बसेल. दीड महिन्याची मुदत दिली.

यांची साखर चढते ती उपवासानं. बाकीचे दिवस हे ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन शहाण्यासारखे वागतात. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशीला मात्र साबुदाण्याची खिचडी, शेजारी बटाट्याचा कीस, वर रताळ्याचे गोड काप. चारच्या चहाबरोबर दोन पेढे, कारण पेढा दुधाचा आणि दूध चालतं. दर तपासणीला कागदावर आकडा तीनशेच्या आसपास. मी शाळेत तीस वर्षं कारकुनी केली आहे, आकडे बघून मला घाम फुटत नाही. हा आकडा बघून फुटायचा.

"उपवास तरी सोडा," म्हटलं तर हे म्हणायचे, "चाळीस वर्षांचं व्रत आहे, देवयानी."

"व्रत देवाचं आहे की साबुदाण्याचं?"

यावर हे खिचडीवर शेंगांचं कूट वाढून घ्यायचे.

अशात केम गावाहून माझा भाचा अनीश आला आणि दारात एक पोतं टाकून गेला. पोत्यात झुकिनी, ती हिरवी परदेशी भाजी. त्याच्या शेतात शेडनेट आहे, पुण्याच्या हॉटेलांना तो ही झुकिनी पाठवतो. त्यांना हवी असते वीतभर. दोन दिवस तोडायची राहिली की ती मुसळाएवढी होते, मग तिला कुणी विचारत नाही. "आत्या, हिचा केक करतात," अनीश म्हणाला. "मैदा नको, साखर नावाला. बघ करून."

मी करून बघायचं ठरवलं, आणि ठरवलं की मी ऐकत नाही. उपवासाचाच केक करायचा. राजगिऱ्याचं पीठ, थोडं शिंगाड्याचं, शेंगांचं कूट, दही, वेलची. गोडाला वाटलेले खजूर, तेही डॉक्टरांना विचारून, मोजके. चिमूटभर खायचा सोडा. सोड्याचा प्रश्न यांनीच मागे एका बाईंच्या उपवासाच्या ढोकळ्यासाठी निकालात काढला होता, म्हणजे तो चालत होता.

ओव्हन शेजारी मल्लव्वाकडे होता. आमच्या ओजसनं, म्हणजे मुलानं, पुण्यात नवा घेतल्यावर जुना इकडे पाठवला. पण त्यात अंड्याचे केक झालेले, म्हणून यांनी तो नैवेद्याच्या घरात येऊ दिला नाही. मल्लव्वाची आणि आमची भिंत एकच. ती कडक भाकरी करून विकते. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी आणि माझ्याशी मराठी. तिनं ओव्हन आनंदानं ठेवून घेतला आणि त्यावर भाकऱ्यांच्या चळती रचल्या.

पहिला केक म्हणजे गोड पिठलं झालं. मल्लव्वानं चमच्यानं हलवून बघितलं.

"वैनी, किसून पिळलाव का न्हाय?"

"पिळायचं असतं होय?"

"काकडीची कोशिंबीर करताना पिळताव की. ही काकडीचीच भन दिसतीया."

दुसऱ्या वेळी किसाला सैंधव लावून ठेवला आणि फडक्यात घट्ट पिळला. वाटीभर पाणी निघालं. केक छान फुगला आणि कडू जहर झाला. तोंडात घातला तसा थुंकला. एक झुकिनी कडू निघाली होती, आणि दुधीचं टोक चाखल्याशिवाय मी कधी भाजीला हात लावत नाही, ते या परदेशी पाहुणीच्या बाबतीत विसरले. तिसऱ्या वेळी प्रत्येकीचं टोक कापून चाखलं. तिसरा केक झाला तो असा, की मल्लव्वा दुसरा तुकडा घेऊन बसली.

ओव्हनची वेळ संपली की तो टिंग करतो. हे आमच्या खिडकीत जप करत बसलेले असायचे. भिंतीपलीकडून टिंग झालं की जप न थांबवता तिथूनच म्हणायचे, "झाला वाटतं. काढा, करपेल." इतकं सगळं लक्ष होतं. खायला मात्र नाही म्हणाले.

"झुकिनी उपवासाला चालत नाही."

"कुठं लिहिलंय?"

"चालते असं तरी कुठं लिहिलंय?"

"बटाट्याचं लिहिलंय का? तोही बाहेरूनच आला की."

"बटाट्याला परंपरा आहे."

"तुमच्या तीनशे साखरेलाही परंपराच आहे," मी म्हणाले आणि केक मल्लव्वाच्या नातवंडांना वाटून टाकला.

खोटं कशाला सांगू, एक वाईट विचार मनात येऊन गेला. यांना दिसतं कुठं? भोपळ्याचा आहे म्हणून पुढं ठेवला असता तर यांनी खाल्ला असता. भोपळा चालतो. ताटली हातात घेऊन मी यांच्यापर्यंत गेलेसुद्धा. हे पोथी डोळ्यांना टेकेल इतकी जवळ धरून बसले होते आणि तीही उलटी होती. मला नाही जमलं. दिसत नाही त्या माणसाला खाण्यात फसवायचं, तेही याच डोळ्यांसाठी, हे काही बरं वाटेना. ताटली घेऊन परत आले आणि उगाच भांडी आपटली.

मुदतीचे पंधरा दिवस उरले होते. श्रावणातला सोमवार. हे सकाळी मला म्हणाले, "आज खिचडीत बटाटा जरा जास्त घाल." माझं डोकंच फिरलं. केकचं मिश्रण घेऊन मल्लव्वाकडे गेले, भांडं ओव्हनमध्ये ढकललं, अर्धा तास धुमसत बसले आणि मग तिला म्हणाले, "बाहेरची बाई विचारते तेव्हा सगळं चालतं. घरच्या बाईनं केलं की नाही चालत. हा माणूस मुद्दाम करतोय."

मल्लव्वा भाकरी थापता थापता थांबली. "मग भाईरची बाई व्हऊन इचारू की."

फसवायचं नाही असं म्हणणारी मीच. पण खाण्यात फसवणं वेगळं आणि फोनवर वेगळं, अशी मी माझी समजूत काढली. फोनवर नाव कुणाचं आलंय हे यांना दिसत नाही, आणि मल्लव्वाशी हे कधी फोनवर बोललेले नाहीत. तिनं पिठाचे हात पुसले, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि पदर तोंडाला लावला, का ते तिलाच माहीत.

"नारायण. बोला," यांचा फोनवरचा नमस्कार आला.

"गुरुजी, मी मोहोळवरनं बोलालेय. आमच्या मालकास्नी साखर हाय. डोळ्याचं आपरेशन हाय. डाक्टर म्हनले साबुदाना बंद. तर ती झुकिनी असती, ती उपासाला चालंल का?"

हे त्यांच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "आजारी माणसाला शास्त्रानं सगळी सूट दिलेली आहे, बाई. काकडी चालते, भोपळा चालतो, मग तिनं काय घोडं मारलंय? खुशाल द्या."

बघा. मी कपाळावर हात मारला. परक्या बाईला एका मिनिटात खुशाल द्या, आणि मी तीन आठवडे किसतेय.

आमचं ठरलं होतं ते इथवरच. पण मल्लव्वानं फोन ठेवला नाही. "पन गुरुजी, आमचे मालक खाईनात. चालत न्हाय म्हनत्यात. त्यांची बायको... म्हंजी मी, लई तळमळतीया. का असं करत असतील वो?"

आणि नेमकं तेव्हा ओव्हननं टिंग केलं.

स्वच्छ, खणखणीत टिंग. आमची खिडकी उघडी होती. यांना ते दोन्हीकडून ऐकू गेलं असणार, फोनमधून आणि भिंतीपलीकडून. मल्लव्वानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आता हे ओरडणार म्हणून मी फोन बंद करायला हात पुढं केला.

हे ओरडले नाहीत. बोलले ते अगदी हळू.

"घाबरत असतील हो ते."

मल्लव्वानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"त्यांचा एखादा थोरला भाऊ असेल. त्याचंही असंच ऑपरेशन झालं असेल, फार वर्षांपूर्वी. पट्टी सोडली तेव्हा भावानं विचारलं असेल, दिवे का लावले नाहीत. आणि तेव्हा भर दुपार असेल. धाकटा शेजारी उभा असेल. काय सांगावं ते त्याला सुचलं नसेल." माळेचे मणी वाजले. "साखर उतरली की तारीख मिळते. नाही उतरली तर तारीख नाही. जे थोडं दिसतंय ते तरी राहतं, असं वाटत असेल त्यांना. पेढ्याची हौस नसेल ती."

यांच्या थोरल्या भावाची, भाऊजींची गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माहीत होती. हेच त्यांना रोज संध्याकाळी पोथी वाचून दाखवायचे. पण तिचा आणि साबुदाण्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी यांना खादाड म्हणाले होते. एकदा नाही, चारदा, आणि एकदा ओजसच्या समोर.

"बायकोला सांगायला लाज वाटत असेल," हे म्हणाले. "दुनियेला धीर देणारा माणूस. तुम्ही त्यांच्यावर चिडू नका, बाई. आणि तो केक काढा आता, करपेल."

फोन बंद झाला. मल्लव्वानं डोळ्यांना पदर लावला आणि मला कोपरानं ढोसलं. "काढा की वैनी. खरंच करपंल."

केक काढला. नीट गार होईपर्यंत थांबवेना, तसाच ताटलीत घालून घरी नेला. हे खिडकीपाशी बसले होते, फोन मांडीवर, जपाची माळ हातात गुंडाळलेली. मी समोर बसले. वाफ येत होती आणि वेलचीचा वास सुटला होता.

"झुकिनीचा आहे," मी म्हणाले. "लपवत नाही."

"माहीत आहे." यांनी हात पुढं केला तो ताटलीच्या कडेपासून दोन बोटं लांब. मी ताटली सरकवली. यांनी तुकडा मोडला, चाखला, सावकाश खाल्ला. "गोड कमी आहे."

"असणारच."

"वाईट नाही." दुसरा तुकडा घेतला. मग म्हणाले, "मल्लव्वाला सांग, मोहोळची माणसं अशी बोलत नाहीत. मी पहिल्या वाक्याला ओळखलं होतं."

"टिंगला नाही?"

"टिंगला कळलं, की तूही तिथं आहेस."

मला म्हणायचं होतं की आता वेगळे दिवस आहेत, आता मशिनं आहेत, डॉक्टर चांगले आहेत. हे सगळं मी गेले महिनाभर म्हणतच होते. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. आलं ते भलतंच.

"मलाही भीती वाटते," मी म्हणाले. "ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला आत नेतील आणि मी बाहेर बाकावर. पहिल्या दिवसापासून वाटतेय. म्हणून एवढी भांडते." आवाज फुटायला लागला तशी मी तो यांना फोन करणाऱ्या लोकांसारखा केला. "गुरुजी, चालतं का हे?"

यांनी चाचपडत माझा हात शोधला. दोनदा चुकले, मग सापडला.

"चालतं," हे म्हणाले. "पण उपाशीपोटी नको. तुझाही सोमवार आहे ना? घे, तूही खा."