सुट्टीवरचा माणूस

सोनौलीची हद्द ओलांडून नेपाळात शिरलो तेव्हा मला वाटलं, आता तरी हा माणूस गाडी थांबवेल. परदेशात आलो म्हणून एखादा फोटो काढू, चहा घेऊ, पाय मोकळे करू. कसलं काय! भन्सारच्या, म्हणजे तिकडच्या जकातीच्या, कचेरीत गाडीची परवानगी मिळाली आणि आमचे हे पुन्हा स्टेअरिंगवर. "चल, बस. ऊन व्हायच्या आत बुटवल गाठू," म्हणाले. बुटवलमध्ये आमचं काय होतं? काही नव्हतं. गाठायचं होतं, एवढंच.

पलूसहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. नागपूर गाठायचं, प्रयागराज गाठायचं, गोरखपूर गाठायचं. गाठलं की लगेच पुढचं. जेवायला बसले तरी पाय टेबलाखाली हलत असायचा. मी अर्धी भाकरी खाल्लेली असायची आणि हे हात धुऊन गाडीची काच पुसायला लागलेले असायचे. आमच्या वीरधवलनं पुण्यात बसून ही सहल ठरवली होती. "आई, तुम्ही दोघं कधी कुठं गेला नाहीत. निवांत फिरून या." त्याचा निवांत हा शब्द आठवला की मला चीड यायची.

हे म्हणजे उदयसिंह, निवृत्त सुभेदार. लग्न झालं त्याच्या पंधराव्या दिवशी पलटणीत परत गेले ते असेच जात-येत राहिले. सगळा संसार सुट्टीत झाला. आता पेन्शन घेऊन आठ महिने झाले होते आणि त्यातला एकही दिवस ते घरात टेकले नव्हते. सकाळी उठून पलूसच्या स्टँडपर्यंत चालत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मग एक दिवस डीएससीचं बोलावणं आलं. निवृत्त फौजींना परत वर्दी देणारं ते खातं. डेपोवर पहारा, वर्षातून ठरलेली सुट्टी, म्हणजे पुन्हा तेच. सहलीवरून आल्यावर होय-नाही कळवायचं होतं. त्यांनी मला बोलावणं दाखवलं, मी "बरं" म्हटलं, आणि त्यावर आमचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

मला तो माणूस घरी हवा होता. आता स्पष्टच सांगते. आयुष्यभर वाट बघितली होती मी त्याची. पण जा म्हणायचं नाही तसं राहा असंही म्हणायचं नाही, अशीच सवय लागली होती. निघाले की डोळे कोरडे ठेवायचे, एसटी वळली की मग काय ते. त्यामुळं नेपाळची शेतं, नेपाळची गावं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून नुसतं पळत होतं आणि डोक्यात एकच: हा माणूस परत चालला.

बुटवलच्या बाजारात मात्र गाडी थांबली. यांनी थांबवली नाही. एका माणसानं आडवं येऊन थांबवली.

"एमएच धा," तो बोनेटवर हात ठेवून म्हणाला. "कुठलं गाव?"

"पलूस," हे म्हणाले.

"आमी विट्याकडचं. नाथाजी. हितं गलाईचं दुकान हाय. गाडी बाजूला घ्या, घरला चला."

आमच्याकडच्या कुणालाही हे नवल वाटणार नाही. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, आणि जिथं सराफ कट्टा तिथं गलाईवाला. नेपाळही सुटलेला नाही. यांनी घड्याळ बघितलं. "पुढं जायाचंय," म्हणाले. नाथाजी हसले आणि सरळ मागचं दार उघडून माझ्या बॅगेशेजारी बसले. "सरळ घ्या. त्या पिवळ्या घरापाशी डावीकडं."

नाथाजींची बायको सुलाबाई. वय माझ्याएवढंच, अंगानं आडवी, आवाज खणखणीत. आम्ही आत पाऊल टाकलं तेव्हा ती नवऱ्याला झापत होती आणि पाहुणे बघूनही थांबली नाही. मोरीतला नळ आठवडाभर गळतोय, रोज उद्या म्हणता, आता पावणं आलं तर त्यांना काय बादलीत बसवू का, असं तिचं चाललं होतं. मी चपापले. आमच्या घरात नवऱ्याशी असं कुणी बोललेलं मला माहीत नाही. नाथाजींना त्याचं काहीच नव्हतं. "करतो गं," म्हणाले आणि जेवायच्या पाटावर बसले.

"तुमाला येतंय काय नळाचं?" सुलाबाईनं थेट यांना विचारलं. "आवं, फौजीला सगळं येतंय म्हणत्यात."

मी तोंड उघडणार होते. पाहुण्याला, तेही सुट्टीवरच्या माणसाला, कुणी काम सांगतं का? पण हे उठलेसुद्धा. पाना मागितला, बाह्या वर केल्या आणि मोरीत शिरले. नळ झाला. मग म्हणाले, पाइपच सडलाय. बाजारात जाऊन नवा तुकडा आणला. मग मोरीच्या दाराची कडी बसत नव्हती तीही बसवली. ऊन कधी झालं, कधी कललं, त्यांना पत्ता नव्हता. मी सुलाबाईशेजारी लसूण सोलत बसले होते आणि त्यांच्याकडं बघत होते. मांडी घालून बसले होते. पाय हलत नव्हता.

मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण त्या बाईचा मला हेवा वाटला.

निघायला उशीर झाला. बुटवल सोडलं की रस्ता डोंगराला लागतो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली नदी. तानसेन गावाच्या अलीकडं हे आपणहून बोलले.

"बरी हाय बाई. मला काम सांगितलं."

"लाज न्हाई तिला," मी म्हटलं. "पावण्याला मोरीत बसवलं."

"तू आठ म्हैन्यांत एक काम सांगितलं न्हाईस."

मी म्हटलं, "तुमाला कशाला सांगायचं? इतकी वर्सं कष्ट केलं. आता आराम करा म्हटलं."

"आराम?" ते हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "रोज ताटात मटान. रोज पंख्याखालची खाट. मोटर बंद पडली की गडी माझ्याम्होरनं जातोय आनि तुला हुडकतोय. परवा मी उसाला पाण्याचं बारं द्यायला निघालो तर तू माझ्या हातातलं खोरं काढून घेतलंस. आनि ती माझी पलटणीची ट्रंक झाडून, कुलूप तेलात घालून खाटंखाली ठिवलीस. मला काय कळत न्हाई व्हय? ह्याची सुट्टी कवा संपतीय म्हणून घर माझ्या जायची वाट बघतंय."

ट्रंक मी दर महिन्याला झाडते. ते नसतानाही झाडायची. ती माझ्या हाताची सवय आहे, त्याला अर्थ काही नाही. मटण करते कारण ते आले की करायचं असतं. सासूबाईंनी पहिल्याच सुट्टीत मला बजावलं होतं: तो घरात असेपर्यंत त्याच्या कानावर काही घालायचं नाही, त्याला कशाला हात लावू द्यायचा नाही, हसत आला तसा हसत गेला पाहिजे. आमच्याकडं प्रत्येक फौजीच्या घरात असंच असतं. ती रीत मी इतकी मन लावून पाळली की माणूस कायमचा आला तरी ती सुटली नाही. आणि हा बाबा त्यातून काय समजून बसला होता!

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"काम पायजे तुमाला?" मी म्हटलं. "घ्या मग. वरच्या वावराचा बांध भाऊसो दर साली नांगरत आलेत. नांगराचं एक तास, एक तास करत पाच-सात हात आत आलेत. ऊस लावतात आपल्या जमिनीत आनि वर मलाच म्हणतात, वैनी, तुमाला काय कळतंय त्यातलं."

गाडीचा वेग कमी झाला. भाऊसो म्हणजे यांचा सख्खा चुलतभाऊ. दर सुट्टीला दोघं एका ताटात जेवणारे.

"भाऊसो?" हे म्हणाले. "कवापासनं?"

"लय वर्सं झाली."

"आनि मला सांगितलं न्हाईस?"

"सुट्टीत कसं सांगायचं? तुमी भांडून जायाचा, तिकडं बर्फात बसून इचार करत राहायचा."

त्यांनी वळणावर एका टपरीपाशी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. सोनौलीपासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून गाडी थांबवली होती. "आनि काय काय सांगितलं न्हाईस?" असं समोर बघत विचारलं.

तिथंच थांबायला हवं होतं मी. पण एकदा तोंड सुटलं की सुटलं. विहिरीवरची मोटर चोरीला गेलेली सांगितली. वीरधवल दहावीला असताना पुण्याला पळून गेला होता, दोन दिवसांनी सापडला, ते सांगितलं. आणि मग ते सांगितलं. तुम्ही लेहला होता त्या साली शेतीला रात्रीची लाइट होती, मी उसाला पाणी द्यायला गेले होते, मण्यार चावली. सांगलीला नेलं. श्वास मशीनवर होता. डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं होतं, माणसं बोलावून घ्या.

ते हलले नाहीत. टपरीवाली चहा घेऊन काचेपाशी आली आणि यांचं तोंड बघून परत गेली.

"तवा मी फोन केला हुता," ते म्हणाले. "आईनं सांगितलं, रेश्मा म्हायेरी गेलीय."

"त्यांनी काय सांगायचं मग?"

"मला न इचारता म्हायेरी गेलीस म्हणून मला राग आला. मी फोन केला न्हाई परत. लय दिवस केला न्हाई. तुला आठवतंय?"

आठवत होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी रोज फोनपाशी बसायचे. यांचा फोन का येत नाही ते मला कधीच कळलं नव्हतं. आज, त्या परक्या मुलखात, डोंगराच्या कडेला कळलं. त्यांनी गाडी सुरू केली.

पोखरा गाठलं. खोली घेतली, जेवलो, पाठ करून झोपलो. मला वाटलं, गेला. आता नक्की गेला. सुट्टीवरचा माणूस हसत पाठवायचा असतो, आणि मी त्याला हे असलं सगळं सांगून बसले. सासूबाईच शहाण्या होत्या. त्याला आता ते घर आपलं कसं वाटावं, ज्यातलं त्याला एकही दुखणं माहीत नव्हतं?

सकाळी शेजारी कुणी नव्हतं. बॅग जागेवर होती, गाडीची किल्ली नव्हती. मी शाल गुंडाळून खाली धावले. गाडीही जागेवर होती. समोर तळं, आणि तळ्याच्या वर, इतका वर की मी आधी ढगच समजले, पांढराशुभ्र डोंगर उभा होता. त्यासाठीच तर लोक इथवर येतात. डोंगराकडं पाठ करून, गाडीच्या बोनेटवर मोबाइल स्पीकरवर ठेवून आमचे हे उभे होते आणि गावाकडच्या आवाजात बोलत होते. दोन परदेशी बायका लांबून वळसा घालून गेल्या.

"वैनीला काय इचारतोस? मला इचार," ते म्हणत होते. "न्हाई, डीएससीचं मी न्हाई म्हणून कळवलंय आत्ता. मी घरीच हाय आता. सरकारी मोजणी आणू. बांधाचं माझ्यासंगं बोलायचं."

जे ऐकायला मी इतका रस्ता तोंड दाबून बसून आले होते ते हा माणूस भाऊसोंना सांगत होता, मला नाही. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच दमात एक बारीकशी कळही आली. माझ्यासंगं बोलायचं म्हणे. तो बांध मी एकटीनं सांभाळला होता.

"बरं, कुठनं धरायचा बांध?" भाऊसोंचा आवाज आला.

"कुठनं म्हंजे? बोरीच्या झाडापासनं सरळ."

तिकडून भाऊसो मोठ्यानं हसले. "कुठली बोर, दादा? बोर जाऊन जमाना झाला."

हे मोबाइलकडं बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी मला बघितलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. मी पुढं गेले आणि हात केला.

"हिकडं द्या. तुमाला म्हाईत न्हाई."

त्यांनी मोबाइल लगेच दिला नाही. सुभेदार माणूस, ते काही सोपं नव्हतं. मग दिला.

"सांग त्याला," ते म्हणाले. "मी ऐकतो. मलाबी कळू दे."

मी भाऊसोंना सांगायला लागले. विहिरीच्या पूर्वेच्या कडेपासून धरायचं, तिथं जुना दगड आहे, तुम्ही त्यावर माती लोटलीय ती मी दोनदा उकरून बघितलीय. हे माझ्या शेजारी बोनेटला टेकून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.