तीन अंशांचा फरक

डॉक्टरांची मला एकच ताकीद असते, "तू फक्त आकडा सांगायचा. ज्ञान पाजळायचं नाही." म्हणून मी आकडे सांगत होते आणि मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

टेबलावर शिंपीकाका पालथे झोपले होते. त्यांच्या मणक्यात हरभऱ्याएवढी गाठ होती आणि डॉक्टर सुईतून मायक्रोवेव्ह सोडून ती जाळत होते. गाठीला खेटूनच उजव्या पायाची नस. त्या नसेपाशी मी ऑप्टिकल फायबर, म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार, सरकवली होती. मायक्रोवेव्हमध्ये धातूचं थर्मामीटर काहीच्या काही दाखवतं. काचेतून उजेड जातो-येतो आणि आतलं तापमान नेमकं कळतं. त्रेचाळीसच्या वर गेलं तर नस भाजणार, काकांचा पाय लुळा पडणार. शिलाई मशीन ते त्याच पायाने चालवतात.

"अडतीस," मी म्हणाले. "एकोणचाळीस."

पाठ बधिर केली होती, पण काका जागे होते. "ताई, मापात चूक झाली तर उसवून परत शिवता येईल ना?"

मी हसले आणि हसता हसता मला आठवलं. सुरुवातीला यंत्राच्या पडद्यावर चौतीस होतं. जिवंत माणसाच्या आत सदतीस हवं, चौतीस कसं? खोली गार आहे म्हणून मी ते सोडून दिलं होतं. प्रत्येक तारेचा क्रमांक पाकिटावर असतो, तो यंत्रात भरायचा असतो, नाहीतर आकडा चुकतो. मी कचऱ्याच्या टोपलीतलं आजच्या तारेचं पाकीट उचललं. यंत्रात कालच्याच तारेचा क्रमांक होता.

पडद्यावर चाळीस आलं. म्हणजे खरे त्रेचाळीस.

"बंद करा!" मी किंचाळले. डॉक्टरांनी मायक्रोवेव्हच्या पेडलवरचा पाय झटकन उचलला. "चूक माझी आहे. तीन अंश कमी दाखवतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "काका, उजव्या पायाचा अंगठा हलवा."

अंगठा हलला नाही.

"उजवा कुठला? पालथं झोपलं की सगळा गोंधळच होतो," काका म्हणाले आणि अंगठाच काय, अख्खं पाऊल मशीन चालवल्यासारखं वरखाली करू लागले. मला रडूच कोसळलं. डोळे पुसत मी खरा क्रमांक भरला. आता पडद्यावर बेचाळीस. एक्केचाळीस.

"झालं का?" काकांनी विचारलं. "थांबवू?"

"हलवत राहा," डॉक्टर आणि मी एकदमच म्हणालो.