दुरुस्तीला ठेवलेला पलंग

बायको गेल्याला पंधरा दिवस झाले, तेव्हा लिफ्टवाले काका पलंग परत करायला आले. वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये पाच-सहा जणांची एक संस्था होती. व्हीलचेअर, वॉकर, हॉस्पिटलसारखे पलंग लोकांना वापरायला द्यायचे, गरज संपली की परत घ्यायचे, एवढंच तिचं काम. निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी ती सुरू केली होती. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत.

"डोक्याकडची बाजू वर करायचं हँडल अडकतंय," काका म्हणाले. त्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. "इथेच बसून नीट करून देतो."

"घरी का नाही केलंत?"

"ती त्याच्यावर होती ना."

सिस्टरनी भिंतीशी जागा करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज दहाच्या ठोक्याला यायला लागले. व्हीलचेअरचे ब्रेक घट्ट केले, वॉकरची झिजलेली रबरं बदलली. पलंग मात्र भिंतीशी उभा होता, वर 'दुरुस्तीत' अशी चिठ्ठी. आठवडे गेले, चिठ्ठी काही निघाली नाही.

एक दिवस एक बसड्रायव्हर आला. आईचं कमरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, उद्या घरी सोडणार होते. बाकीचे पलंग बाहेर गेलेले.

"मी पहाटे ड्युटीला जातो," तो म्हणाला. "आईला गादीवरून उठवायचं म्हणजे बायकोच्या एकटीच्या आवाक्यातलं नाही."

सिस्टरनी काकांकडे पाहिलं. काका हातातल्या पान्यावर नजर लावून बसले होते.

"त्याचा पार्ट मिळत नाहीये," ते पुटपुटले.

ड्रायव्हर चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने मान डोलावली. "मिळाला तर एक फोन कराल ना, काका?" एवढं बोलून तो गेला.

सिस्टरनी काकांपुढे चहाचा कप ठेवला. "कुठला पार्ट हो?"

काकांनी पाना खाली ठेवला. "सगळे आहेत. दोन आठवड्यांपूर्वीच झालाय तो."

"माहितेय मला. परवा हँडल फिरवून पाहिलं, लोण्यासारखं फिरतंय."

"मग बोलला नाहीत ते?"

"तोवर कुणी मागायला आलं नव्हतं."

चहा तसाच टाकून काका उठले आणि ड्रायव्हरला गाठायला या वयात बसस्टॉपपर्यंत अक्षरशः पळत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोतून पलंग ड्रायव्हरच्या इमारतीत पोचला. सोबत संस्थेतल्या शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या. पलंग लिफ्टमध्ये मावेना, म्हणून काकांनी तो खालीच खोलला. समोरच्या दारातले गृहस्थ, ज्यांच्याशी ड्रायव्हरच्या घरचं आजवर मान हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं, ते बाह्या सरसावून आले आणि एक बाजू खांद्यावर घेऊन तीन मजले चढले.

दुपारी ड्रायव्हरच्या आई, म्हणजे आजी, घरी आल्या. पलंगाकडे संशयाने बघत त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कोण मेलं यावर?"

सुनेने जीभ चावली. ड्रायव्हरला कुठे तोंड लपवू असं झालं.

"माझी बायको," काका म्हणाले. "अडीच वर्षं होती."

आजींनी नजर काकांकडे वळवली. मग आजींनी विचारलं, "कशी होती?"

"तापट. 'हात जरा हळू चालवा, मी काय लिफ्ट आहे का?' म्हणायची."

"बरोबरच म्हणायची की!" आजी हसल्या आणि कमरेत कळ आली म्हणून कण्हल्या. "बसा. अजून सांगा."

काका स्टुलावर बसले. बायको गेल्यापासून तिच्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. लोक जपून बोलत, विषय टाळत. त्या दुपारी ते तासभर बोलले. मध्येच ते उठून उगाच हँडल तपासायला लागले, तेव्हा आजी छताकडे बघत थांबल्या.

तीन महिन्यांत आजी वॉकर धरून घरभर फिरायला लागल्या आणि पलंग परत आला. ड्रायव्हरची बायको आता आठवड्यातून एक दिवस संस्थेत बसते, नव्या लोकांना पेशंट कसा उठवायचा ते दाखवते. परत आलेला पलंग त्याच संध्याकाळी तिसऱ्या घरी गेला. पोचवायला काका गेले नाहीत. आजींनी त्यांना सुनेसोबत पत्ते खेळायला बोलावलं होतं, आणि चौथा भिडू समोरच्या दारातून येणार होता.