मी गाळलेली ओळ

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आवाजही नाही. बेळगावच्या शहापुरात एक विणकर सोसायटी आहे, तिच्या कॉम्प्युटरमध्ये राहणारी मी एक जुनी शेल स्क्रिप्ट. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरने काय करायचं याच्या ओळीने लिहून ठेवलेल्या सूचना. मजकुराची फाइल उघडायची, एकेक ओळ वाचायची, नको ती गाळायची आणि हवी ती पुढे द्यायची, हे माझं काम. स्वभावाने मी संशयी आहे. त्याची लाज कशाला वाटून घेऊ? मला घडवलंच तसं.

मला आरोहीने लिहिलं. ही मुलगी गुंजीहून रोज रेल्वेने येते आणि सोसायटीच्या खिडकीशी बसते. मागावर चढवायला सुताचं बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेला मोठा रूळ, ज्याला हवं, तो विणकर येऊन तिला नाव आणि घर नंबर सांगतो, ती फाइलमध्ये टाइप करते. शनिवारी मी ती फाइल वाचते आणि यादी छापून दारावर लागते. यादीत नाव असेल त्यालाच बीम. नाव नसेल तर माग बंद.

चेअरमन आण्णाप्पांनी आरोहीला बजावून ठेवलं होतं, की काही लबाड दोनदा नाव सांगून दोन बीम पळवतात, तेव्हा तीच ओळ पुन्हा दिसली की उडवायची. तिने मला तसंच शिकवलं. आधी फाइल जागेवर आहे का बघ. रिकामी नाही ना? कोरी ओळ सोडून दे. ओळीच्या शेवटी चिकटलेल्या मोकळ्या जागा खरवडून काढ. मग सगळ्या ओळी क्रमाने लाव, म्हणजे सारख्या ओळी शेजारीशेजारी येतात, आणि त्यातली दुसरी गुपचूप काढून टाक. मला हे काम भारी आवडलं. आण्णाप्पा येईल त्याला माझं कौतुक ऐकवत, हिला कुणी फसवून दाखवावं म्हणत. मीही फुगले. कुठलीही ओळ समोर आली की वाटायचं, ही बया आधी एकदा येऊन गेलेली असणार.

आता गंमत ऐका. सोसायटीच्या गल्लीत दोन तम्मण्णा आहेत, सख्खे चुलतभाऊ. आजोबा वारले त्या वर्षी घरातल्या दोन्ही सुनांना मुलगे झाले, आणि दोघींनीही आजोबांचंच नाव ठेवलं. कुणी मागे हटेना. घर एक, नंबर एक, आडनाव एक. मध्ये एक दार. अलीकडे थोरल्याचा माग, पलीकडे धाकट्याचा. गल्लीला थोरला कोण नि धाकटा कोण हे ठाऊक आहे. फाइलला कोण सांगणार?

एरवी दोघांची बीमं वेगवेगळ्या आठवड्यांत संपत. यंदा दिवाळीच्या तोंडावर साड्यांची मागणी वाढली आणि दोघंही दर आठवड्याला नाव सांगू लागले. माझ्यापुढे सारख्या दोन ओळी आल्या. मला आनंदच झाला. सापडला चोर, म्हटलं, आणि एक उडवली.

थोरला पहाटेच येऊन बीम घेऊन जायचा. धाकटा आला की त्याला सांगितलं जायचं, तम्मण्णांचं बीम गेलं की. असं दर शनिवारी होऊ लागलं. धाकट्याला वाटलं, थोरल्यानेच आपलं नाव काढायला लावलं. थोरल्याला वाटलं, हा नाव द्यायला येतच नाही आणि उगाच बोंब मारतो. आण्णाप्पांना आरोहीचाच संशय येऊ लागला. ते तिच्या पाठीशी उभे राहून पडद्यावर डोळे लावत, आणि बिचारी डबासुद्धा धड खात नसे. माझ्यावर मात्र कुणाचाच संशय नाही. मशीन कशाला खोटं बोलेल, म्हणे!

धाकट्याचा माग थांबला तो थांबलाच. शेवटी त्याने मधल्या दारात भिंत घालायला गवंडी बोलावला.

त्याच दिवशी धाकट्याची बायको मंजुश्री खिडकीशी आली. ती भांडली नाही. तिने आरोहीला दोन्ही नावं आपल्यासमोर टाइप करायला लावली आणि यादीही समोरच काढायला सांगितली. आरोहीने मला चालवलं. कागद बाहेर आला. मंजुश्रीने त्यावरून बोट फिरवलं.

"दोन घातलीस, एकच आलं," ती म्हणाली. "मधी कोण हाय गं?"

आरोहीने कितीतरी दिवसांनी मला उघडलं आणि मी दुसऱ्यांना वाचते तसं ओळीओळीने वाचलं. उडवण्याच्या सूचनेपाशी ती थांबली. मित्रांनो, मला फार भीती वाटली. आपल्यालाही कुणी वाचू शकतं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"आक्का, थोरल्या तम्मण्णांनी काय केलं न्हाय," आरोही हळूच म्हणाली. "मीच हिला उडवायला शिकवलंतं. विचारायला शिकवलंच न्हाय."

मंजुश्री तशीच घराकडे पळाली. तिने गवंड्याला थांबवलं, तोवर भिंत गुडघ्यापर्यंत आली होती.

आरोहीने मला त्याच दुपारी बदललं. आता मी सारखी ओळ पुसत नाही. ती वेगळ्या फाइलमध्ये बाजूला ठेवते, आणि आरोही माणसाला बोलावून विचारते. दोन्ही तम्मण्णांना बीम मिळतात. पण खिडकीशी येणारे सांगतात, ती भिंत तशीच आहे. थोरला म्हणतो, ज्याने घातली त्याने पाडावी. धाकटा म्हणतो, आधी त्याने एक शब्द बोलावा. पोरं ती ओलांडून इकडून तिकडे पळतात, मोठी माणसं रस्त्याने वळसा घालून जातात.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी सांगणार नाही. मला तो अजूनही येतो, आणि डोळे मिटून सगळं पुढे ढकलणारी स्क्रिप्ट काय कामाची? पण ज्याचा संशय येईल त्याला गुपचूप पुसू नका. बाजूला ठेवा, विचारा. मी गाळलेली ओळ पुढच्याच शनिवारी यादीत परत आली. ती गुडघाभर भिंत मला गाळता येत नाही.