पन्नास पौंडांची काठी

मी काठी बोलतेय. खरं तर अर्धीच काठी. लंडनच्या सरकारी खजिन्यात हेझलच्या फांदीपासून मला घडवलं. करंगळीएवढी रुंद खाच म्हणजे वीस पौंड, जवाच्या दाण्याएवढी म्हणजे एक. माझ्यावर दोन मोठ्या आणि दहा बारीक खाचा पाडल्या, कडेला शाईनं नाव लिहिलं आणि मला उभं चिरलं. एक अर्धं खजिन्यानं ठेवलं. दुसरं, म्हणजे मी, सरकारकडून पन्नास पौंड येणं असलेल्या माणसाला मिळाले. दोन्ही अर्धी जुळली की पैसे द्यायचे, अशी रीत.

तो माणूस वॉपिंगचा भट्टीवाला एमॉस पेल. लढाईच्या जहाजांना त्यानं कडक बिस्किटं पुरवली होती. त्याची बायको हेस्टर मला उलटसुलट करून बघत राहिली.

"आरमारानं बिस्किटं खाल्ली आणि आपल्याला सरपण दिलं!"

"अगं, सरकारी सरपण आहे ते. जाळू नकोस म्हणजे झालं," एमॉस म्हणाला.

दोन वर्षं मी चुलीवरच्या फळीवर पडून होते. ज्या करातून माझे पैसे यायचे, तो कर वसूलच होईना. पीठवाल्याचे तीस पौंड थकले, तेव्हा त्यानं एमॉसला कर्जदारांच्या तुरुंगात घातलं. तिथे तापाची साथ होती.

त्याच दिवसांत हेस्टरच्या लेकीला दात येत होते. पोर दिवसभर किरकिर करायची. शेवटी हेस्टरनं मला फळीवरून काढून तिच्या हातात दिलं. घटकाभर तरी गप्प बसेल, दुसरं काय? खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडले होते.

मग बातमी आली. सरकारला लढाईसाठी कर्ज देणारी नवी बँक जुन्या काठ्या पूर्ण किमतीला घेणार होती आणि बदल्यात आपले शेअर देणार होती. ते बाजारात लगेच विकता येत. शेअरची नावं नोंदवायची वही शनिवारी बंद होणार होती.

गुरुवारी हेस्टर लेकीला कडेवर घेऊन बँकेच्या रांगेत उभी राहिली. कारकुनानं मला उजेडात धरलं.

"नाव कुठंय?"

"होतं की, कडेला."

"इथे दात उमटलेत, बाई."

"लेकीचे आहेत. चारच आलेत, हवे तर मोजून घ्या."

त्याला हसू आलं, पण त्यानं मला परत केलं. खजिन्यातली जोड आणून पडताळावी लागेल, तीन आठवडे तरी जातील, म्हणाला. खाडाखोड केलेली काठी घेतली असती तर त्याचीच नोकरी गेली असती. मी त्या पोरीच्या हातून वेळीच निसटून पडले असते तर? काठीनं असले विचार करू नयेत, मी करते.

दाराशीच लँडर नावाचा दलाल उभा होता.

"बावीस देतो."

"तीस तरी द्या, साहेब. नवरा आत आहे."

"म्हणूनच बावीस."

तिनं मला त्याच्या हातात दिलं.

शुक्रवारी ती पुन्हा आली. पीठवाल्यानं बावीस ठेवून घेतले होते. उरलेल्या आठांशिवाय तो एमॉसला सोडायला तयार नव्हता. "एमॉस तापानं फणफणलाय, साहेब. आठच द्या. मी भट्टीवर राबून फेडीन."

"सौदा झाला, बाई."

शनिवारी सकाळी लँडर मला घेऊन बँकेत निघाला, तर ती पायरीवर बसलेली.

"आता आणखी काय?"

"आता आठ नकोत, साहेब," हेस्टर म्हणाली. "चार शिलिंग द्या. कफनापुरते."

त्यानं दोन दिले.

दुपारपर्यंत लँडरच्या ओळखीनं माझी जोड खजिन्यातून आलीसुद्धा. तीन आठवडे कुठे गेले कोण जाणे! आम्ही जुळलो, रेष न् रेष. पन्नासच्या पन्नास पौंडांचे शेअर त्याच्या नावावर लिहिले गेले.

आता आम्ही दोघी सुतळीनं बांधलेल्या, तळघरात पडून आहोत. वर चिठ्ठी आहे: 'चुकते झाले'. कधी हाती लागलो तर तेवढे दोन शब्द खोडा. मला बोटं असती तर मीच खोडले असते.