दोन ओळींमधली जागा

माझा नवरा गेल्यावर त्याच्या हार्ड रॉक बँडने शेवटचा एक कार्यक्रम करायचं ठरवलं. त्याचे गिटारचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे, माझ्या धाकट्या भावाने वाजवायचे, असं ठरलं. भाऊ ब्लूज वाजवतो, संथ, दुखऱ्या सुरांचं संगीत. केस पिकले तरी घरात त्याला बारक्याच म्हणतात. नवऱ्याला बँडमध्ये वादळ म्हणायचे. दोघांचं कधी भांडण झालं नाही, पण एकत्र वाजवणंही जमलं नाही. "तुझा एक सूर लागेपर्यंत माझं जेवून हात धुऊन होतं," असं नवरा म्हणायचा. बारक्या नुसता हसायचा.

सरावासाठी नवऱ्याचीच मागची खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली. गिटारही त्याचीच. बारक्या रेकॉर्डिंग निम्म्या वेगावर लावायचा, एकेक तुकडा बोटांत बसवायचा, मग वेग वाढवायचा. बोटं लवकर शिकली. थांबण्याची सवय मात्र जाईना. ब्लूजवाला एक ओळ वाजवतो आणि जागा सोडतो, समोरून कोणीतरी उत्तर देणार असल्यासारखी. हार्ड रॉकच्या सोलोत अशी जागाच नसते.

एकदा बँडचा ड्रमर ऐकायला आला. थोडा वेळ मान डोलावून म्हणाला, "अरे, तू सोलो वाजवतोयस की पत्ता विचारतोयस? विचारून थांबतोस काय?"

"सवय आहे."

"सोड ती. वादळ कधी थांबायचा का?"

"जेवतानासुद्धा नाही," मी दारातून म्हणाले. तिघेही हसलो.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. आतून एक ओळ आली, मग नेहमीची जागा, आणि त्या जागेत एक चपळ, दाट तुकडा. जमलं एकदाचं, असं वाटून मी शाबासकी द्यायला दार उघडलं. बारक्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"काय?"

"ताई, खोटं बोलू नकोस. तुला येत नाही."

मी मोजमापाच्या उपकरणांची तपासणी करते. आकडा विचित्र आला की आधी उपकरणावर संशय घ्यायचा, ही आमची रीत. रेकॉर्डिंग बंदच होतं. मी अॅम्प्लिफायरची वायर काढली, तारांमध्ये जाड कापड खोचलं आणि गिटारच्या लाकडावर हात ठेवला. "पुन्हा वाजव," म्हटलं. त्याने कापडातूनच एक ओळ वाजवली आणि हात बाजूला घेतले. उत्तर आलं, कापडामुळे दबलेलं. माझ्या हाताखाली लाकूड थरथरलं. त्या उत्तरातली घाई मी ओळखली. त्याच घाईसोबत मी संसार केला होता.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तो गेल्यापासून घरात त्याचा आवाज नव्हता. "आणखी एकदा," मी म्हणाले. मग रोज कामावरून आले की खोलीत स्टूल घेऊन बसू लागले. बारक्या कुरकुरला की म्हणायची, "तुझे सोलो बसतायत ना? मग झालं तर."

सोलो खरोखरच बसत होते. बारक्या सुसाट वाजवायला लागला.

एका संध्याकाळी तो स्वतःची गिटार घेऊन स्वयंपाकघरात आला. "ताई, माझं येत नाहीये."

त्याची एक संथ चाल होती, माझ्या लग्नाआधीपासूनची. तिच्यात एक सूर तो खालून ओढत वर न्यायचा, इतका उशिरा की आता राहिलाच असं वाटायचं. ती चाल त्याने सुरू केली आणि बोटं धावत सुटली. ओळींमधल्या साऱ्या जागा भरून गेल्या.

"कुठे थांबायचं तेच आठवत नाही." दुसऱ्या कोणाचं मूल सांभाळायला दिल्यासारखा तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "हे गेलं तर माझ्याकडे काय राहिलं, ताई?"

"कार्यक्रम झाला की येईल परत."

"कशावरून?"



कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "आज शेवटचं." मी विनवलं, म्हणून शेवटच्या ओळीआधी एकच जागा ठेवायला तो कबूल झाला. बाकी सगळा सोलो त्याने एका दमात वाजवला. मग थांबला.

उत्तर आलं, पण सावकाश. एकच सूर, खालून ओढत वर जाणारा, उशिरा, फार उशिरा.

"ते माझं आहे," बारक्या पुटपुटला.

मग तो सूरही थांबला. संपला नव्हता. प्रश्न विचारून थांबावं तसा थांबला होता. आयुष्यात कोणासाठी न थांबलेला माझा नवरा आता वाट बघत होता.

आमच्यात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं. उत्तरागणिक तो बारक्याला आपला वेग देत होता आणि बारक्याचं थांबणं घेत होता. हे मी स्टुलावर बसून, कान देऊन होऊ दिलं होतं.

बारक्याचा हात उचलला गेला. बऱ्याच दिवसांनी हाक आल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता. "उत्तर द्यायला हवं. असं मध्येच सोडत नाहीत गं. भावोजी वाट बघतायत."

उत्तर दिलं तर तो उद्याही येईल, परवाही येईल, हे मला माहीत होतं. मलाही तेच हवं होतं.

मी एका हाताने बारक्याचं मनगट धरलं आणि दुसरा तळवा सगळ्या तारांवर दाबला.

"बघू दे वाट," मी म्हणाले.

त्याने हिसका दिला. मी सोडलं नाही. खोलीत कोणी श्वास रोखून धरावा तशी शांतता होती, आणि तो श्वास आमच्या दोघांचा नव्हता. बऱ्याच वेळाने मनगट माझ्या मुठीत सैल पडलं.

"सोड आता," बारक्या म्हणाला.

मी मनगट सोडलं. तारांवरचा हात मात्र मला उचलवेना.